तीच मुले, पुन्हा पुन्हा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी भरली. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ३५.२ टक्के झाले. उंचीच्या मानाने रोडावलेल्या मुलांचा आकडा दोन्ही वेळा जवळजवळ तोच राहिला, चारात एक. मधल्या काळात पोषण अभियान सुरू झाले, विधिमंडळात प्रश्नोत्तरे झाली, मंत्र्यांनी मेळघाटचे दौरे केले. आकडा मात्र हलला नाही. त्यावर नेहमीप्रमाणे चर्चाही झाली, पण त्या चर्चेत एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. चौथ्या फेरीत जी मुले बुटकी म्हणून नोंदली गेली, त्यांचे पुढे काय झाले? पाचवी फेरी ते सांगत नाही, कारण तिने नवी घरे निवडली आणि त्या घरांतली मुले मोजली. तेव्हा तीन वर्षांचे असलेले ते मूल आता शाळेच्या वरच्या वर्गात असेल. त्याची उंची भरून निघाली का, अभ्यासात ते मागे पडले का, त्याच्या रक्तातली साखर कशी आहे, यातल्या कशाचेही उत्तर सरकारच्या दप्तरी नाही.

अशा पाहण्या निरुपयोगी आहेत, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांतला फरक दिसतो तो त्यांच्यामुळेच, आणि त्या झाल्या नसत्या तर कुपोषण संपल्याची घोषणा एव्हाना झालीही असती. पण पैसेवारीवरून पीक किती आले ते कळते, कोणत्या आठवड्यात ओल तुटली ते कळत नाही. बुटक्या मुलाची उंची पट्टीवर वाचताना आपण त्याच्या मागच्या सगळ्या आयुष्याची बेरीज वाचत असतो. लग्नाच्या वेळचे आईचे वजन, गरोदरपणात तिने डोक्यावरून वाहिलेले पाणी, सहा महिन्यांनंतर लांबत गेलेला वरचा आहार, प्रत्येक पावसाळ्यातले जुलाब, सारे त्या एका आकड्यात मिसळलेले असते. त्यातले काय केव्हा घडले आणि कशाने किती बिघडले, हे सुटे करून पाहायचे तर एकच वाट आहे. तेच मूल जन्मापासून, जमल्यास जन्माच्या आधीपासून, ठरावीक अंतराने मोजत राहायचे आणि ते मोठे होईपर्यंत थांबायचे.

हे थांबणे किती मोलाचे, ते कळण्यासाठी पुण्यात रंगलेला एक जुना वाद आठवावा. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतले सांख्यिकीचे काम त्यांनी दीर्घकाळ सांभाळले आणि पुण्याला परतल्यावर पोषणाच्या मापदंडांनाच हात घातला. माणसाची ऊर्जेची गरज रोज सारखी नसते, एकाच माणसात ती दिवसागणिक कमी-जास्त होते आणि काही मर्यादेपर्यंत शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका, असे ते सांगत. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी दारिद्र्याच्या मोजणीच्या अंगाने त्यांच्याशी जाहीर वाद घातला. पुढे डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने हीच दिशा धरून १९८० च्या सुमारास ‘लहानखुरे, पण निरोगी’ हा सिद्धान्त मांडला. बेताच्या अन्नावर वाढलेले मूल बुटके राहते, पण त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही, असा त्याचा आशय. पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला.

सुखात्म्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. सरासरीचा मापदंड एकेका माणसाला लावण्यातली चूक त्यांनी नेमकी दाखवली होती, आणि ती चूक आजही सर्रास होते. पण लहानखुरे मूल खरोखर निरोगी राहते का, हा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हता. त्यासाठी ती मुले मोठी व्हायला हवी होती. वाद ऐन भरात असताना उत्तर देऊ शकणारी काही भारतीय मुले दिल्लीत आठ ते अकरा वर्षांची झाली होती.

दक्षिण दिल्लीच्या एका भागात १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या आठ हजारांहून अधिक बाळांची नोंद डॉक्टरांच्या एका गटाने ठेवली होती. जन्मल्यावर, मग पहिल्या वर्षात आणि त्यानंतर ठरावीक अंतराने त्यांची वजने-उंची घेतली गेली. ती मुले तिशीच्या आसपास पोचल्यावर त्यांच्यातल्या सुमारे दीड हजार जणांना पुन्हा शोधून तपासले. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ४.४ टक्के जणांना मधुमेह होता आणि आणखी १०.८ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. आता या लोकांचे बालपणीचे आकडे मागे जाऊन पाहता आले, आणि तिथेच या अभ्यासाचे सगळे बळ दिसले. दुखण्याच्या वाटेवरची ही माणसे पहिली दोन वर्षे इतरांपेक्षा बारीक होती. त्यानंतर ती लवकर अंगाने भरू लागली आणि बाराव्या वर्षापर्यंत भरतच गेली. तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यातले एकही मूल आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार लठ्ठ नव्हते. त्या वयात शाळेत येऊन एकदाच वजन करणाऱ्या डॉक्टरने या मुलांना ‘सर्वसाधारण’ असा शेरा दिला असता. धोका कुठल्याही एका दिवसाच्या वजनात नव्हता. एका वजनाकडून दुसऱ्या वजनाकडे मूल ज्या चालीने गेले, तिच्यात तो होता.

दिल्लीच्या अभ्यासाने बालपणापासूनचा धागा दिला. त्याआधीचा, आईच्या पोटातला धागा पुण्याजवळ सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत काम सुरू केले. डॉ. बानू कोयाजींनी वढूच्या परिसरात आरोग्यसेवेचे काम उभे केल्यापासून या रुग्णालयाचे त्या भागाशी नाते होते. शोध घ्यायचा होता गर्भावर होणाऱ्या परिणामाचा, म्हणून गर्भ राहण्याआधीच सुरुवात करणे भाग होते. गावांतल्या विवाहित स्त्रियांची यादी झाली. कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारू लागल्या. सासू दारात बसलेली असताना सुनेला हे विचारायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचे, यासाठी किती विश्वास मिळवावा लागला असेल, हे खेडे ओळखणाऱ्याला वेगळे सांगायला नको. दिवस गेल्याचे कळल्यावर आहार मोजला गेला, शेतातले आणि घरातले कष्ट नोंदले गेले, रक्ताचे नमुने घेऊन गोठवून ठेवले गेले. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याचे वजन, लांबी, दंडाचा आणि पोटाचा घेर, पाठीवरच्या कातडीची जाडी असे सगळे मोजले गेले. १९९४ ते १९९६ या काळातल्या सुमारे आठशे गरोदरपणांची ही नोंद आहे.

या स्त्रिया गरोदर राहण्यापूर्वी सरासरी ४२ किलो वजनाच्याही नव्हत्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची झाली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. दोन्हींची मापे शेजारी ठेवल्यावर २००३ मध्ये जे समोर आले, त्याने कुपोषणाची सगळी कल्पनाच बदलली. पुण्याजवळची बाळे प्रत्येक मापात लहान होती, पण सारखी लहान नव्हती. पोटाचा घेर सर्वांत कमी, दंडही बारीक. म्हणजे आतले अवयव आणि स्नायू मागे राहिले होते. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्यामानाने बरीच टिकून होती. पावणेतीन किलोचे, काडीसारख्या हातापायांचे बाळ, आणि तरीही शरीराच्या रचनेत चरबीचा वाटा जास्त. वजनकाटा हे कधीच दाखवू शकला नसता.

आहाराच्या नोंदींतून निघालेले निष्कर्षही आजच्या धोरणाला थेट जाऊन भिडतात. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, या स्त्रियांनी खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध लागत नाही. संबंध लागतो तो पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा पोटात गेले त्याच्याशी. ज्या स्त्रियांना गरोदरपणात जास्त अंगमेहनत करावी लागली, त्यांची बाळे लहान झाली. घरात म्हैस असून दूध डेअरीला जाते, मळ्यात मेथी असून ती बाजाराला जाते आणि सून सकाळच्या भाकरीवर चटणी लावून कामाला निघते, हे चित्र या भागात कुणालाच अनोळखी नाही. त्या चित्राची किंमत बाळाच्या शरीरात किती आणि कुठे वसूल होते, ते आता मोजून सांगता आले.

गोठवलेल्या रक्ताने त्यापुढची गोष्ट सांगितली. जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता मात्र जवळजवळ कुणालाच नव्हती. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या आईच्या रक्तात ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची खोड सर्वाधिक दिसली. सहाव्या वर्षी, खेड्यातल्या, दिसायला सडपातळ मुलांमध्ये. याचा अर्थ गरोदरपणातल्या गोळ्या बंद कराव्यात असा कुणी काढू नये. बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टाळण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागतेच. अर्थ इतकाच की, एक पोषकद्रव्य पुरवताना दुसऱ्याच्या उणिवेकडे डोळेझाक केली, तर त्याचा भार पुढच्या पिढीवर पडू शकतो. सरकारी गोळ्यांच्या यादीचा फेरविचार करणाऱ्या कुणाच्याही टेबलावर हा अभ्यास असायला हवा.

ती मुले अठरा वर्षांची झाल्यावरही त्यांच्यातल्या बहुतेकांची पुन्हा तपासणी झाली. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तातली साखर असायला हवी त्यापेक्षा वर होती. यांच्यात ढेरी सुटलेली शहरी पोरे कुणी नव्हती. अनेकांचे वजन तर कमीच होते. ज्यांची वाढ पोटात असताना आणि लहानपणी खुंटली होती, त्यांच्यात हे जास्त दिसले. ‘लहानखुरे, पण निरोगी’ या म्हणण्याला पुण्याच्या परिसरातल्याच मुलांनी दिलेले हे उत्तर आहे. ते यायला वाद सुरू झाल्यापासून तीन-चार दशके लागली. त्याहून आधी ते येऊच शकत नव्हते.

२०१२ मध्ये याच मुलांना, ती साधारण सतरा वर्षांची असताना, ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग सुरू झाला. हेतू असा की, ती आईबाप होतील तेव्हा त्यांच्या बाळांत काही फरक पडतो का, ते पाहायचे. आजीच्या रक्ताचा नमुना, आईच्या अठराव्या वर्षीची तपासणी आणि नातवंडाचे जन्मवजन एकाच साखळीत ठेवणारी गावे जगात फार थोडी आहेत. त्यातली सहा महाराष्ट्रात आहेत, आणि महाराष्ट्रातल्या किती आमदारांना ती ठाऊक असतील याची आम्हाला शंका वाटते.

एवढे केल्यावर लगेच उपाय हाती लागतो असेही नाही, आणि हेही मोकळेपणाने सांगायला हवे. पुण्याच्या निष्कर्षांचा धागा धरून मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला. साडेसहा हजारांवर स्त्रियांना त्यात घेतले. पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ निम्म्या स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून रोज दिला. सरसकट पाहता बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने ज्यांनी हा खाऊ खाल्ला, त्यांची बाळे थोडी वजनदार झाली, आणि तीसुद्धा आई फार कृश नसेल तर. फार कृश स्त्रियांच्या बाबतीत तेवढेही घडले नाही. गरोदरपणातला मधुमेह मात्र खाऊ घेणाऱ्यांत ठळकपणे कमी होता. यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. सातव्या महिन्यात ओटी भरताना हाती दिलेला पौष्टिक लाडू फार उशिरा पोचतो. मुलगी शाळेत असतानाच तिच्या ताटाकडे पाहायला हवे.

आणि वेळेवर दिलेल्या घासाची परतफेड किती मोठी, हे ग्वाटेमालाने दाखवले. तिथल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मध्य अमेरिकेच्या पोषण संस्थेने एक अभ्यास केला. दोन गावांत प्रथिनयुक्त पेज दिली, दोन गावांत प्रथिने नसलेले कमी उष्मांकाचे सरबत. औषधोपचार चारही गावांत सारखाच ठेवला. ती मुले मोठी झाल्यावर त्यांचे उत्पन्न तपासले गेले. तीन वर्षांचे होण्याआधी ज्यांना ती पेज मिळाली होती, त्या पुरुषांचे तासाचे उत्पन्न सरासरीच्या हिशेबात ४६ टक्क्यांनी अधिक निघाले. तीन वर्षांनंतर ज्यांना पेज मिळाली, त्यांच्यात हा फरक नव्हता. अंगणवाडीचा आहार म्हणजे सरकारचा धर्मादाय खर्च, असे मानणाऱ्या अर्थखात्याने हा निष्कर्ष वाचावा. तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीत येऊन बसता येत नाही, त्याला घरपोच शिध्याचे पाकीट मिळते आणि ते घरातल्या सगळ्यांत वाटले जाते. नेमक्या ज्या वयात घास लागू पडतो, त्या वयाला आपली योजना सर्वांत विस्कळीतपणे पोचते.

आता प्रश्न अंगणवाडीचाच. प्रत्येक मुलाच्या वाढीचा आलेख काढायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि ती मुळात अशाच एका दीर्घ अभ्यासातून जन्मली. डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियातल्या इमेसी या गावी जन्मलेल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षे नोंदली. आईला घरी ठेवता येईल आणि आरोग्यसेविकेला एका नजरेत वाचता येईल असा आलेख त्या कामातून तयार झाला. मॉर्ले यांचा भर मूल कोणत्या रंगाच्या पट्ट्यात आहे यापेक्षा रेषा कुठे चालली आहे यावर होता. रेषा वर जात असेल तर ठीक, सपाट झाली तर धोक्याची खूण, खाली वळली तर तातडीने धाव.

आपण आलेख घेतला आणि रेषा सोडून दिली. महिन्याच्या अहवालात विचारतात ते सॅम म्हणजे तीव्र कुपोषित किती, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित किती, साधारण किती. प्रकल्प कार्यालयात त्यांची बेरीज होते, जिल्ह्यात पुन्हा बेरीज होते आणि मंत्रालयात पोचतो तो फक्त आकडा. सॅममधले मूल मॅममध्ये आले की ते सुधारणेत धरले जाते, भले महिनाभराने ते पुन्हा घसरो. याउलट साधारण श्रेणीतल्या मुलाचे वजन चार महिने जागचे हलले नाही, तरी अहवालात त्याला रकाना नाही. अंगणवाडीताईला ते मूल ठाऊक असते. त्याला आता पातळ जुलाब लागतात, त्याची आई दुसऱ्यांदा पोटुशी आहे, त्याचा बाप कामाला परगावी गेला आहे, हे सगळे तिला माहीत असते. ती श्रेणी भरते, कारण तिला श्रेणीच विचारली जाते. आणि सॅमची संख्या फार दाखवली तर जाब तिलाच विचारला जातो. मुलांची नोंद प्रामाणिकपणे करणाऱ्या बाईला शिक्षा होण्याची भीती वाटत असेल, तर त्या नोंदींवर कुठलेही शास्त्र उभे राहणार नाही.

सहा वर्षे पूर्ण झाली की ते मूल अंगणवाडीच्या वहीतून बाहेर पडते. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्याचा कागद वेगळा. आई गरोदर असताना तिची नोंद झाली होती आरोग्य खात्यात, तीही वेगळी. मूल एक, खाती तीन, आणि तिन्हींच्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत. २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलमधून भरल्या जातात. म्हणजे तंत्राची अडचण उरलेली नाही. आईचे गरोदरपणापूर्वीचे वजन, बाळाचे जन्मवजन, पाच वर्षांतली वजने-उंची आणि पुढे दहाव्या-पंधराव्या वर्षीची तपासणी एका ओळखक्रमांकाखाली आणणे हे आज शक्य आहे. कुटुंबाची संमती आणि माहितीची गुप्तता यांचे कडक नियम आधी करून, निदान प्रत्येक महसुली विभागातल्या एका तालुक्यात हे सुरू करावे.

प्रशासकीय नोंदी कितीही जोडल्या तरी त्या खऱ्या अभ्यासाची जागा घेणार नाहीत. अभ्यासाला प्रशिक्षित हात लागतात, दर वर्षी तपासून घेतलेली साधने लागतात आणि मुख्य म्हणजे खंड न पडणारा पैसा लागतो. पुण्याच्या अभ्यासाला लंडनच्या वेलकम ट्रस्टने आधार दिला. आपल्या सरकारी संशोधन निधीचे प्रकल्प तीन-पाच वर्षांत आटोपतात, आणि पाच वर्षांत मूल पहिलीलासुद्धा जात नाही. प्रकल्प संपला की कंत्राटावरची कार्यकर्ती जाते, आणि तिच्याबरोबर त्या घरांशी जुळलेली ओळखही जाते. शेजारच्या बांगलादेशात, तो पूर्व पाकिस्तान असल्यापासून, मतलब परिसरातल्या गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर १९६६ पासून अखंड नोंदले जात आहेत. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावागावांत जन्म-मृत्यूंची चोख नोंद ठेवली, म्हणूनच घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतल्याने किती बाळे वाचतात हे १९९९ मध्ये जगाला आकड्यांनिशी दाखवता आले, आणि पुढे ती पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. ज्या राज्याच्या हाती पुण्याचा आणि गडचिरोलीचा असे दोन नमुने आहेत, त्याने या कामासाठी बाहेरच्या देणगीची वाट पाहावी, हे आम्हाला पटत नाही. वीस वर्षांची हमी असलेला स्वतंत्र निधी राज्याच्या अर्थसंकल्पात हवा.

तो निधी आधी खर्च व्हावा नंदुरबारच्या अक्राणीत आणि मेळघाटच्या धारणी-चिखलदऱ्यात. पुण्याजवळच्या शेतकरी गावांतले निष्कर्ष तिथे उचलून लावता येणार नाहीत. तिथल्या आईचे वय, तिची बाळंतपणे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, रानातून मिळणारे अन्न आणि ते कमी होत जाणे, सारेच वेगळे आहे. त्या गावांना नुसते मोजण्याची वस्तू करून मात्र चालणार नाही. ज्यांचे रक्त घेतले त्यांना त्यांच्या भाषेत निष्कर्ष सांगितले पाहिजेत, आजारी सापडलेल्या मुलावर त्याच दिवशी उपचार झाले पाहिजेत आणि मोजणी करणारी व्यक्ती शक्यतो त्याच पाड्यातली असली पाहिजे. गावाला काही न देता वीस वर्षे नुसती मापे घेणारा अभ्यास वीस वर्षे टिकणारही नाही.

यातला सर्वांत अवघड भाग स्थलांतराचा आहे, आणि तो टाळून काहीही साधणार नाही. बीडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अक्राणीची कुटुंबे गुजरातेत जातात, मेळघाटातली वीटभट्ट्यांवर आणि शहरांतल्या बांधकामांवर. मूल कोपीत राहते, आई पहाटेपासून फडात असते, आणि वर्षातले पाच-सहा महिने त्याच्या वजनाची नोंद कुठेच नसते. ज्यांची वाढ सर्वांत जास्त धोक्यात आहे, नेमकी तीच मुले वहीतून गळतात. पोषण ट्रॅकरवर एका अंगणवाडीतून दुसरीत नोंद हलवण्याची सोय आहे. ती वापरायची तर कारखान्याच्या तळाजवळच्या अंगणवाडीताईला त्या मुलांसाठी जादा मदतनीस, जादा आहार आणि जादा मानधन मिळायला हवे, आणि टोळ्यांची यादी मुकादमाकडून कारखान्यामार्फत महिला व बालविकास खात्याला वेळेवर जायला हवी. साखर आयुक्तालय आणि हे खाते यांनी मिळून तसा आदेश काढावा, आणि तो यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी निघावा.